महाराष्ट्रात पक्ष्यांची वर्षयादी: नियम, नोंदी आणि तारखांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहून, नोकरी सांभाळून, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात महाराष्ट्रात पाहिलेल्या पक्ष्यांची यादी ठेवायची आहे. वही ठेवावी की ईबर्ड (पक्ष्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ आणि ॲप)? नुसता आवाज ऐकला तर पक्षी धरायचा का? ३०० प्रजाती होतील का? आणि आकडा चुकतो तो कुठे?

शेवटचं आधी घेतो. आकडा दोन बाजूंनी चुकतो. न पाहिलेला पक्षी यादीत शिरतो; वटवटे (वॉर्बलर), भोवत्या (हॅरिअर) आणि चिखलात चरणारे पाणपक्षी इथे हे हटकून होतं. दुसरीकडे, सहज दिसला असता असा पक्षी राहून जातो, कारण त्याचे तीन आठवडे आपण भलत्याच ठिकाणी घालवलेले असतात. दुर्मिळ पक्ष्यांमागे धावून यादी वाढते असं नव्या माणसाला वाटतं. माझ्या हिशेबाने दुर्मिळांची भर वर्षाला आठ-दहाची, आणि हुकलेल्या तारखांचा फटका तीस-चाळीसचा. म्हणून या उत्तरात तारखांना जास्त जागा दिली आहे.

३०० होतात. राज्यात साडेपाचशेहून अधिक प्रजातींची नोंद आहे, पण त्यात एखाद्या वेळी भरकटून आलेले, वादळाने किनाऱ्यावर आणून टाकलेले आणि आता दिसेनासे झालेले पक्षीही मोजलेले आहेत. फक्त रविवारी आणि पुण्यापासून शंभरेक किलोमीटरच्या आत फिरलात तर साधारण २०० ते २२० वर थांबाल. त्यात कोकण किनाऱ्याच्या दोन, आंबोली-तिळारीची एक आणि विदर्भाची एक फेरी जोडली की ३०० आवाक्यात येतो. पहिले शंभर जानेवारीच्या दोन-तीन रविवारांत उरकतात, दुसऱ्या शंभराला एप्रिल उजाडतो, आणि शेवटचे तीस उरलेलं सगळं वर्ष खातात. पेट्रोलही तेच खातात.

आता नियम. ते १ जानेवारीच्या आधी वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका, म्हणजे नोव्हेंबरात २९७ वर अडकल्यावर सोयीने वाकवता येत नाहीत.

पहिला नियम हद्दीचा. राज्याची यादी ठेवा किंवा जिल्ह्याची, पण काय ते ठरवा. उजनीच्या फुगवट्यावर हे फार जाणवतं. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव हा काठ पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात. समोर सोलापूरचा करमाळा तालुका, वरच्या अंगाला अहिल्यानगरचा कर्जत. नावेतून रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्याकडे जाताना जिल्हा कुठे बदलला ते पाण्यावर कळत नाही. ईबर्डवर नोंदीची टाचणी जिथे टोचली तो जिल्हा धरला जातो. अमेरिकन बर्डिंग असोसिएशनच्या नियमात मात्र पक्षी स्वतः हद्दीत असावा लागतो. राज्ययादीला इथे काहीच फरक पडत नाही. जिल्हायादी ठेवणाऱ्याने मात्र नाव कुठवर गेली ते फोनच्या नकाशावर बघून दोन वेगळ्या नोंदी कराव्यात.

दुसरा नियम: पक्षी जिवंत, रानटी आणि मोकळा हवा. मेलेला समुद्रपक्षी किनाऱ्यावर सापडला तर ती महत्त्वाची नोंद असते, फोटो काढून ती जरूर करा, पण वर्षयादीत तो चढत नाही. पिंजऱ्यातून सुटलेले बजरीगर आणि लव्हबर्डही नाहीत. ईबर्ड त्यांना पळालेले म्हणून वेगळं ठेवतं आणि एकूण आकड्यात घेत नाही. शहरातला पारवा धरायचा, भारतात तो मूळचाच आहे.

तिसरा: ऐकलेला पक्षी धरावा, पण नावापुढे 'ऐ' लिहावं. रातवे (नाइटजार), घुबडं, दाट रानातले सातभाई यांच्या बाबतीत आवाज ही दिसण्यापेक्षा पक्की ओळख असते. अट एवढीच की आवाज तुमच्या कानाने ओळखलेला हवा. मर्लिनच्या (आवाजावरून पक्षी सुचवणाऱ्या ॲपच्या) पडद्यावर नाव उमटलं म्हणजे पक्षी ऐकला असं होत नाही. भृंगराज शिक्र्याची, कुटुरग्याची, मिळेल त्याची नक्कल करतो आणि फोन बिचारा ती सगळी नावं ओळीने दाखवतो. मर्लिनचं नाव ही सूचना समजा. त्या दिशेला दुर्बीण लावा, आवाज रेकॉर्ड करा, मग ठरवा.

चौथा नियम लोकांना आवडत नाही. वाटाड्याने "साहेब, तो बघा" म्हणून बोट दाखवलं, तुम्हाला फांदीवर तपकिरी ठिपका दिसला, आणि पक्षी उडाला. हा पक्षी वाटाड्याचा झाला, तुमचा नाही. ओळख पटवणारी निदान एक खूण स्वतःला दिसली पाहिजे.

वही की ईबर्ड, याचं उत्तर दोन्ही. कामं वेगळी आहेत. वहीत वर्णन, शंका, रेघोट्या. ईबर्डवर त्याच दिवशी आकडे. वही खिशात मावेल अशी घ्या आणि पावसाळ्यात लिहायला शिसपेन्सिल. जेल पेनची शाई एका सरीत पसरते आणि मागचं-पुढचं पानही घेऊन जाते.

ईबर्डवर तुमची नोंद "पूर्ण यादी" असावी, म्हणजे ओळखता आलेला प्रत्येक पक्षी त्यात हवा, कावळा-साळुंकीसकट. वर्षयादी ठेवणारे हमखास फक्त नवे पक्षी टिपतात. मग वर्षअखेरीला करडा धोबी कधी आला, थापट्या कधी गेले, यातलं काहीच सांगता येत नाही, आणि पुढच्या वर्षीचं नियोजन अंदाजपंचे होतं. पूर्ण यादीसोबत सुरुवातीची वेळ, लागलेली मिनिटं, चाललेलं अंतर आणि माणसं हे चार आकडे लागतात. ३० मीटरच्या आत एकाच जागी उभे असाल तर स्थिर नोंद, त्याहून जास्त हललात तर प्रवास-नोंद. प्रवास-नोंद ८ किलोमीटरच्या आत आणि तीन तासांच्या आत ठेवा. त्यापेक्षा लांबली तर अधिवास बदलला त्या ठिकाणी तोडून दुसरी सुरू करा.

इथली नेहमीची चूक अंतराची. वेताळ टेकडीवर एक किलोमीटर जाऊन त्याच वाटेने परत आलात तर ॲप दोन किलोमीटर मोजतं. ईबर्डला एकदाच चाललेलं अंतर हवं असतं, म्हणून पाठवण्याआधी हाताने एक करावं लागतं. दुसरी चूक रात्रीची. मध्यरात्र ओलांडणारी नोंद चालत नाही; रातव्यांसाठी बसला असाल तर बाराला एक संपवून दुसरी उघडा. तिसरी चूक सोबत्यांची. चौघांनी चार वेगळ्या नोंदी पाठवल्या की अडीचशे थापट्यांचे हजार होतात. एकाने नोंद करून ती बाकीच्यांना शेअर करायची आणि ज्याने जो पक्षी पाहिला नाही त्याने तो आपल्या प्रतीतून काढून टाकायचा. काढायला जीव होत नाही, पण काढायचा. आणि निघण्यापूर्वी वायफायवर ईबर्ड ॲपमधला महाराष्ट्राच्या पक्ष्यांचा पॅक उतरवून ठेवा. घाटात रेंज नसताना पक्ष्यांची यादीच उघडत नाही आणि मग सगळं आठवणीवर येतं.

वहीतली एक ओळ अशी दिसावी: "१४ जाने., ७:०५ ते ८:४०, डिकसळ काठ, ता. इंदापूर, १.२ किमी, दोघे, धुकं ७:४० ला निवळलं. थापट्या २५० (दहाचे गट मोजून), चक्रवाक १४, पट्टकादंब ३७, शेकाट्या ६०, भोवत्या १ मादी: कंबर पांढरी, कानाजवळ गडद डाग, मागे फिकट कॉलर दिसली नाही, ऊन समोरून. माँटेग्यू/पॅलिड." शेवटची तिरकी रेघ महत्त्वाची: माँटेग्यू आणि पॅलिड या दोन भोवत्यांपैकी कोणता ते ठरलं नाही, म्हणून जोडनाव. जोडनावाची नोंद प्रजातींच्या एकूण आकड्यात धरली जात नाही, पण ती खरी असते. पुढच्या रविवारी उजेड पाठीशी घेऊन गेलात तर तोच पक्षी कदाचित पूर्ण नावाने मिळतो.

संख्या मोजायची रीत सोपी आहे. थव्यातले दहा नीट मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत धरा, मग तो तुकडा थव्यावरून सरकवत न्या. मोठा थवा असेल तर पन्नासाचा तुकडा. संख्येच्या जागी एक्स (म्हणजे नुसतं 'होता') लिहिण्यापेक्षा अंदाजाचा आकडा केव्हाही बरा.

आता तारखा. कॅलेंडरचं वर्ष हिवाळ्याला मधोमध कापतं, आणि सगळं नियोजन या एका गोष्टीवर उभं आहे. हिवाळी पाहुण्यांना वर्षात दोन संधी असतात: जानेवारी-फेब्रुवारी आणि पुन्हा नोव्हेंबर-डिसेंबर. पावसाळी आणि वाटसरू पक्ष्यांना एकच. तरी बहुतेक लोक जानेवारीत जिवाचा आटापिटा करतात, जूनमध्ये घरी बसतात आणि सप्टेंबरला "अजून थंडी कुठे पडलीय" म्हणून सोडून देतात. म्हणजे दोनदा मिळणाऱ्यांवर वेळ घातला आणि एकदाच मिळणाऱ्यांना दार बंद केलं.

जानेवारीत पाणथळं आणि माळ घ्या. उजनी, नाशिकचं नांदूर मधमेश्वर (२०२० साली राज्यातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालेलं), वीर धरण. माळासाठी सासवडचा परिसर आणि कडबनवाडी. बदकांत पट्टकादंब आधी गाठा. तो उशिरा येतो, मार्चपर्यंत निघून जातो आणि डिसेंबरात मिळेलच याची खात्री नसते. थापट्या, तलवार बदक, चक्रांग वर्षअखेरीलाही भेटतात. माळावर धाविक, पखुर्डी, भोवत्या आणि दगडाच्या कपारीत शृंगी घुबड. सूर्योदय सातच्या थोडा पुढे असतो, त्याआधी पंधरा मिनिटं जागेवर हवं, कारण धाविक कोवळ्या उन्हात उघड्यावर दिसतो आणि नऊनंतर मातीच्या रंगात विरघळतो. जानेवारीतच आशियाई पाणपक्षी गणना असते. तिच्यात सामील झालात तर एरवी न जाणाऱ्या तलावांवर जाणं होतं आणि मोजायचा सरावही.

फेब्रुवारीत किनारा. अलिबागजवळच्या अक्षीच्या पुळणीवर कालवफोड्या, सँडरलिंग, कुरव. शिवडी आणि ठाणे खाडीत रोहित आणि चिखलपक्षी. इथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं कोष्टक मोठं. पूर्ण ओहोटीला पक्षी किलोमीटरभर लांब चिखलात विखुरलेले असतात आणि उन्हाच्या झळांत स्कोपमधूनही नुसती थरथर दिसते. भरतीच्या टोकाआधी अडीच-तीन तास पोहोचा. पाणी चढतं तसे पक्षी आपणहून जवळ ढकलले जातात. एकदा पूर्ण भरती झाली की ते उडून मिठागरांत किंवा बांधांवर विसावायला जातात, मग तिथे शोधायचे. उरणची पाणथळं ज्या वेगाने बुजताहेत, त्यामुळे तिथे मागच्या वर्षीची जागा या वर्षी असेल असं धरून चालू नका.

मार्च सिंहगड खोऱ्याचा आणि पळस-पांगाऱ्यांचा. फुललेल्या झाडाखाली तासभर बसलं की भोरड्या, हळद्या, पर्णपक्षी, सूर्यपक्षी हजेरी लावतात. नीलांग माशीमारासारखे हिवाळी पाहुणे याच महिन्यात हातचे सुटतात.

एप्रिल-मे सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला द्या. आंबोली, तिळारी, चोर्ला या पट्ट्यात कर्णा (ट्रोगन), मलबारी राखी धनेश, शीळकरी कस्तूर आणि पुण्याच्या आसपास न भेटणारी बरीच मंडळी आहेत. या दिवसांत पक्षी गातात, म्हणून दाट रानातही सापडतात. तेच रान जानेवारीत मुकं असतं. कर्णा फांदीवर पाठ करून बसतो आणि हलत नाही, त्यामुळे तो आवाजावरूनच शोधावा लागतो. व्हिगर्सचा सूर्यपक्षी मात्र उत्तरेकडच्या घाटातही मिळतो, त्याच्यासाठी आंबोली गाठायला नको. रातव्यांसाठी एप्रिल ते जूनच्या सुरुवातीची संध्याकाळ: सूर्य मावळल्यावर वीस मिनिटांनी कच्च्या रस्त्याच्या कडेला गाडी बंद करून उभे राहा. ते बोलून ओळख देतात. पिसांवरून रातवा ओळखायचा नाद न केलेला बरा.

मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंतचे दिवस वर्षयादीत सगळ्यात जास्त वाया जातात. याच दिवसांत नवरंग पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची शीळ घालतो. घरट्याला लागला की गप्प होतो आणि पानांत उकरत फिरणारा पक्षी पुढे पावसात शोधणं अवघड. चातक पावसाच्या पुढेमागे आफ्रिकेतून येतो, तो ऑक्टोबरपर्यंत असतो, त्याची घाई नाही. तिबोटी खंड्या कोकणातल्या ओढ्यांवर जूनपासून. कर्नाळ्याकडे आणि रायगडच्या इतर भागांत त्याची बिळं ओढ्याच्या मातीच्या काठात असतात. बिळासमोर ठाण मांडून बसू नका. पक्षी तोंडात पाल किंवा खेकडा घेऊन तासभर फांदीवर थांबतो आणि पिल्लं उपाशी राहतात. लांबून, वाटेवरून जाता-येता दिसला तेवढा पुरे, यादीला एक सेकंदही चालतो.

जून ते ऑगस्ट कोकण किनाऱ्यावर वादळी वारं सुटलं की खोल समुद्रातले पक्षी आत ढकलले जातात: फ्रिगेट पक्षी, ब्रायडल्ड आणि सूटी सुरय. सलग दोन-तीन दिवस पश्चिमेचा जोराचा वारा राहिला की मगच निघा. एरवी रिकामा समुद्र आणि ओली चड्डी एवढंच हाती लागतं. पुण्यात राहणाऱ्याला हे जमतंच असं नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. व्याघ्र प्रकल्पांचं गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं, त्यामुळे विदर्भाची फेरी त्याआधी किंवा नंतर. माळावर मात्र जुलै-ऑगस्टसारखा महिना नाही: लावे ओरडतात, चंडोल हवेत चढून गातात, सुगरणी पिवळ्याधमक.

१५ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर हे सहा-सात आठवडे माझ्या मते वर्षातले सर्वांत मोलाचे. आफ्रिकेकडे जाणारे वाटसरू या काळात पश्चिम भारतावरून जातात आणि वसंतात बहुधा या वाटेने परतत नाहीत. युरोपीय नीलपंख आणि ठिपकेवाला माशीमार हे त्यातले ठळक दोन. तारेवरचा प्रत्येक नीलपंख या दिवसांत पुन्हा बघायचा: आपल्या नेहमीच्या नीलपंखाची छाती तांबूस-जांभळट आणि उडताना पंखांत फिका-गडद निळा पट्टा, युरोपीयाचं डोकं आणि छाती सरसकट निळी, उडताना पंखांच्या कडा काळ्या. माशीमाराच्या छातीवर आणि कपाळावर बारीक रेघा असल्या तर ठिपकेवाला. साधा तपकिरी माशीमार रेघांशिवाय आणि डोळ्याभोवती फिक्या कड्याचा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत घाटमाथ्यावर आकाशात लक्ष ठेवा, अमूर ससाणे समुद्र ओलांडायच्या आधी तिथून जातात.

नोव्हेंबर-डिसेंबर भरपाईचे. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह असतो, ठिकठिकाणी फेऱ्या निघतात, एखादी अनोळखी जागा कळते. विदर्भ इथे बसवता येतो: गोंदियाकडे सारस, मेळघाटात रानपिंगळा. हा रानपिंगळा १८८४ नंतर कोणाला दिसला नव्हता. १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ पुन्हा सापडला. तो दिवसा शिकार करतो, त्यामुळे "घुबड म्हणजे रात्री" असं समजून संध्याकाळी जाणारा हात हलवत परततो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं आणि पाठ जवळपास कोरी, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. त्याला टेप वाजवून बोलावू नका. थोडक्या जोड्यांचा पक्षी आहे, आणि दर रविवारी पाच गाड्या येऊन त्याचाच आवाज वाजवू लागल्या तर तो हद्द राखण्यात दिवस घालवतो. माळढोकाचा विचार यादीतून काढूनच टाका.

आपल्या जिल्ह्यासाठी या तारखा नेमक्या काढायच्या असतील तर ईबर्डवरचा पट्टी-आलेख उघडा. प्रत्येक महिन्याचे चार भाग केलेले असतात आणि पट्टीची जाडी म्हणजे त्या आठवड्यातल्या किती पूर्ण यादींत तो पक्षी होता ते. जी पट्टी वर्षात एकदाच, तीन-चार खणांपुरती उमटते, ती लाल शाईने वहीत उतरवा. ईबर्डच्याच टार्गेट स्पीशीज या सोयीत महिना आणि जिल्हा घातला की न पाहिलेले पक्षी टक्केवारीच्या क्रमाने येतात. १० टक्क्यांच्या वरचे आधी. अर्ध्या टक्क्याच्या पक्ष्यासाठी सोलापूरपर्यंत जाणं आणि १५ टक्क्यांचा पाषाणला सोडणं, हा या छंदातला नेहमीचा वेडेपणा.

चुकीच्या ओळखींबद्दल. सगळ्या गटांवर इथे लिहिता येणार नाही, पण वर्षयादीत वारंवार खोटे चढणारे काही सांगतो. हिरवी आणि ठिपकेवाली तुतारी (सँडपायपर): उडाल्यावर पंखाची खालची बाजू काळपट असेल तर हिरवी, फिकी असेल तर ठिपकेवाली, बसलेली असताना डोळ्याच्या मागेपर्यंत जाणारी लांब भुवई ठिपकेवालीची. पाणलाव्यात (स्नाइप) उडताना पंखाच्या मागच्या कडेला पांढरी रेघ दिसली तरच साधा, नाहीतर पिनटेल किंवा जोडनाव. माँटेग्यू आणि पॅलिड भोवत्यांच्या माद्या व पिल्लं: कानाच्या गडद डागामागे स्पष्ट फिकट कॉलर असेल तर पॅलिड, डोळ्याभोवती पांढरं जास्त आणि कॉलर नाही तर माँटेग्यू. हिवाळ्यात गप्प बसलेला पावशा शिक्रा म्हणून लिहिला जातो. चोच बघा, शिक्र्याची आकडेदार असते, पावशाची सरळसोट. "पेरते व्हा" ओरडायला लागल्यावर हा प्रश्न मिटतो, पण तोवर मे आलेला असतो. आणि पर्णवटवटे. पंखावर एक बारीक पट्टी आणि खालची चोच फिकी तो हिरवट. दोन पट्ट्या आणि पाठीजवळच्या पिसांना फिक्या कडा तो ह्यूमचा. मोठ्या चोचीचा घाटात दोन सुरांत खणखणीत बोलतो, त्याला कानानेच धरा. बाकी सगळे "पर्णवटवट्या, अनोळखी".

नावांमुळेही आकडा फुगतो. भोरडी आणि पळस मैना एकच, धोबी आणि परीट एकच. उलट "पाणकावळा" या एका नावाखाली तीन प्रजाती आहेत. म्हणून संगणकावरच्या तक्त्यात शास्त्रीय नावाचा रकाना ठेवाच आणि मोजणी त्याच रकान्यावर करा. बाकी रकाने: तारीख, जागा, तालुका, जिल्हा, संख्या, पाहिला की ऐकला, पुरावा, खात्री. खात्रीला अ, ब, क पुरे. क म्हणजे यादीत नाही. पिव्हट टेबलमध्ये प्रत्येक प्रजातीची सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी तारीख काढली की पहिलं आणि शेवटचं दर्शन आपोआप मिळतं.

पुरावा म्हणजे बहुधा फोटो, आणि फोटोत घोटाळा घड्याळाचा. कॅमेऱ्याचं वर्ष किंवा वेळ चुकलेली असते आणि डिसेंबरात लक्षात येतं. दर फेरीच्या सुरुवातीला फोनवरचं घड्याळ सेकंदांसकट दिसेल असा एक फोटो कॅमेऱ्याने काढा. फरक किती हे नंतर केव्हाही काढता येतं. ईबर्डने दुर्मिळ म्हणून खूण केली तर "नीट पाहिला" असं लिहू नका. आकार कोणाच्या तुलनेत, कोणती खूण दिसली, कोणती दिसली नाही, प्रकाश कुठून, जवळचा दुसरा पक्षी कोणता आणि तो का नाही, हे चार ओळींत लिहा. तपासणारा स्वयंसेवक असतो, त्याला तुमचा अनुभव नको, पिसं हवी असतात. नोंद पक्की झाली नाही तर ती तुमच्या खाजगी यादीत राहते, सार्वजनिक आकड्यांत दिसत नाही.

शेवटी वर्गीकरण. ईबर्ड दरवर्षी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास प्रजातींची यादी अद्ययावत करतं आणि काही जणांचा आकडा घरी बसल्या हलतो. २०२३ मध्ये गायबगळ्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, २०२४ मध्ये गव्हाणी घुबड विभागलं गेलं. महाराष्ट्राच्या यादीला या दोन्हींत काही मिळालं नाही, फक्त नावापुढे "पूर्व" लागलं, कारण दुसरा तुकडा आपल्याकडे नाही. फुटलेल्या दोन्ही प्रजाती आपल्या हद्दीत असतील तेव्हाच जुने फोटो काढून बसावं लागतं. वहीच्या पहिल्या पानावर कोणत्या वर्षाची यादी धरली ते लिहा आणि ३१ डिसेंबरपर्यंत तीच ठेवा. नवी नावं १ जानेवारीपासून.

३१ तारखेच्या संध्याकाळी ईबर्डवरून स्वतःचा सगळा डेटा उतरवून घ्या, तक्त्याशी ताडून बघा. दोन्हींत तीन-चारचा फरक निघतोच: कुठे जोडनाव मोजलेलं असतं, कुठे शेअर केलेल्या नोंदीतला न पाहिलेला पक्षी तसाच राहिलेला असतो. हे काढायला दीड-दोन तास लागतात, आणि आकडा बहुधा खालीच येतो.